सर, फॉन्ट पाठवा

मराठी माणूस प्रश्न विचारत नाही, ही जुनी तक्रार आहे. शाळेत विचारत नाही, सोसायटीच्या सभेत विचारत नाही, आणि ग्रामसभेत तर वहीवर सही करून चहाला जातो. अशी तक्रार करणाऱ्यांना एकदा मराठी संगणकाच्या जगात हिंडवून आणलं पाहिजे. तिथे मराठी माणूस रात्रंदिवस विचारतोय. फक्त काय विचारायचंय, तेवढं सांगत नाही.

आमचे एक स्नेही पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीचं काम करतात. पेजमेकरच्या काळापासून याच धंद्यात आहेत. देवनागरी टायपिंग, फॉन्ट, युनिकोड यांतलं त्यांना बरंच कळतं, आणि कळतं हे त्यांनी लपवून ठेवलं नाही. कधीतरी कुणाच्या तरी अडल्या वेळी त्यांनी फुकट मदत केली. त्या माणसाने कृतज्ञतेपोटी त्यांचा नंबर दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कुणाचंही मराठी अडलं की यांचा फोन वाजतो. पहिला निरोप बहुतेक वेळा एकाच शब्दाचा: 'सर'. पुढे काही नाही. सरांनी 'बोला' म्हटल्याशिवाय प्रश्न ओठावर आणायचा नाही, ही आपली रीत. सर तासाभराने 'बोला' म्हणतात, तेव्हा समोरचा जेवायला गेलेला असतो.

जेवून आल्यावर जे घडतं त्याचा हा एक नमुना. वेळ रात्री अकराची.

'सर, मराठी येत नाही.'

'कशात येत नाही?'

'कंप्युटरमध्ये.'

'कंप्युटरमध्ये कुठे? वर्ड, फोटोशॉप, इनडिझाइन, ब्राउझर?'

'सगळीकडेच म्हणा ना.'

'आधी येत होतं?'

'कालपर्यंत एकदम ओके होतं.'

'मग काल काय बदललंत?'

'काहीच नाही सर. आपोआप झालं.'

'विंडोज कोणतं आहे?'

'ओरिजिनल नाहीये.'

'एरर काय येतो?'

'इंग्लिशमध्ये येतो.'

यानंतर फोटो येतो. पडद्याचा फोटो, मोबाइलने तिरका काढलेला. त्यात ट्यूबलाइट दिसते, काढणाऱ्याचा चौकड्यांचा शर्ट दिसतो, मागच्या भिंतीवरचं सहकारी बँकेचं कॅलेंडर दिसतं. मजकुरावर नेमका फ्लॅश पडलेला. खाली ओळ: 'आता कळलं का सर?' आणि त्याखाली, एवढा वेळ राखून ठेवलेला शब्द: 'अर्जंट'.

डॉक्टरला रात्री उठवून 'दुखतंय' म्हणावं, 'कुठे?' विचारल्यावर 'शरीरात' म्हणावं आणि 'तुम्ही फक्त गोळी सांगा' असा आग्रह धरावा, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की डॉक्टर फी घेतो.

पाऊण तासाच्या उलटतपासणीनंतर उलगडा झाला. गृहस्थ लग्नपत्रिका जुळवत होते, सकाळी छापायला द्यायची होती. इतकी वर्षं ते इनडिझाइनमध्ये जुन्या फॉन्टात टाइप करत आले. काल वधूपक्षाने मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला, तो यांनी उचलून तसाच चिकटवला. व्हॉट्सॲपवरचा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि इनडिझाइन युनिकोड देवनागरी नीट मांडायच्या तयारीत नव्हतं. त्यामुळे 'प्रसन्न'मधला प पाय मोडून पडला आणि 'चि.'ची वेलांटी च सोडून पुढच्या टिंबाला टेकली. इलाज दहा सेकंदांचा: परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये जाऊन कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करायचा. 'इनडिझाइनमध्ये व्हॉट्सॲपचा मजकूर चिकटवला आणि वेलांटी सुटली' एवढं पहिल्या निरोपात लिहिलं असतं तर आमचे स्नेही अकरा वाजून एक मिनिटाने झोपले असते. पण मग ते 'आपोआप' कसं झालं असतं?

या सगळ्या प्रश्नांचा बादशहा म्हणजे 'सर, फॉन्ट पाठवा'. कोणता? 'मराठी.' मराठी कोणता? 'पत्रिकेवर असतो तो.' 'पेपरात असतो तसला.' 'सरकारी.' एकाने 'छान दिसणारा' असंही लिहिलं होतं.

या मागणीचं मूळ समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 1991 साली, पहिल्याच आवृत्तीत. विंडोज 2000 बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट घरपोच आला. पण त्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही कितीतरी वर्षं, आपण मराठी छापली ती एका युक्तीवर. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. फाइलच्या पोटात इंग्रजीच असायचं, तो फॉन्ट लावला तरच डोळ्यांना मराठी दिसायचं. प्रत्येक कंपनीने ही चित्रं आपल्या मर्जीने मांडली. त्यामुळे शिवाजीत लिहिलेलं कृतिदेवात उघडलं की भलतंच काही वाचायला मिळतं, आणि फॉन्टच नसला तर पडद्यावर कंस, टोप्या आणि इंग्रजी अक्षरांचा सडा पडतो. मग 'फॉन्ट गेला' अशी हाकाटी होते, आणि गेलेला कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय फॉन्ट हा कुणीतरी महिनोन्महिने बसून काढलेला असतो, एका देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांसकट शेकडो आकार लागतात, आणि त्यातले बरेच फॉन्ट विकत घ्यायचे असतात, हे सांगितलं की समोरून उत्तर येतं: 'सर, एकच पाठवा.' मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला मुक्ता फॉन्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. तो फुकट आहे आणि स्वतः उतरवून घ्यायचा आहे म्हटल्यावर लोकांचा त्यातला रस संपतो.

हे दुखणं मराठीपुरतं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे, नाहीतर आपल्याला उगाच अभिमान वाटायचा. संगणक पुरता जन्माला यायच्या आधीच हे सुरू झालं होतं. चार्ल्स बॅबेजने 1864 साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलंय की पार्लमेंटच्या सभासदांनी त्याला दोनदा विचारलं, यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का. असला प्रश्न पडायला डोक्यात काय घोळ असावा लागतो हे आपल्याला उमगत नाही, असा बॅबेजचा सूर आहे. आमच्या स्नेह्यांना तो अचूक उमगतो. पुढे 1999 मध्ये सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरने 'बिघाड कसा कळवावा' यावर एक निबंधच लिहिला. 2001 मध्ये एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रामरने 'शहाण्यासारखे प्रश्न कसे विचारावेत' यावर त्याहून लांबलचक मार्गदर्शक लिहिला. तो इतका गाजला की जो तो प्रश्नकर्त्यांना त्याचा पत्ता देऊ लागला. मग लोक रेमंडलाच भलभलत्या सॉफ्टवेअरबद्दल विचारू लागले. शेवटी त्याला त्याच मार्गदर्शकात लिहावं लागलं की आम्ही तुमच्या सॉफ्टवेअरचं मदतकेंद्र नाही. प्रश्न कसे विचारू नयेत हे सांगणाऱ्याला लोकांनी तेच प्रश्न विचारले.

आमच्या स्नेह्यांनीही रेमंडगिरी करून पाहिली. पुण्यात राहत असल्यामुळे पाटी लावण्याकडे त्यांचा कल होताच. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर त्यांनी लिहिलं: 'विचारण्यापूर्वी सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, फॉन्टचं नाव आणि नेमकी अडचण लिहावी.' दिवसभरात भरपूर अंगठे आले. 'छान विचार' असेही अभिप्राय आले. एकाने स्टेटसचा फोटो काढून त्यांनाच पाठवला आणि विचारलं, 'सर, हा फॉन्ट कोणता?'

इथवर वाचून आपण सगळे मिळून प्रश्नकर्त्यांना हसायला मोकळे आहोत, पण त्यात एक पेच आहे. मराठवाड्यातल्या एका निवृत्त गुरुजींचाही निरोप असाच आला होता: 'सर, फॉन्ट पाठवा.' स्नेह्यांनी चिडूनच विचारलं, कशाला हवाय? गुरुजींनी सविस्तर लिहिलं. वीस वर्षांपूर्वी गावातल्या एका टायपिंगवाल्याकडून त्यांनी आपल्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या. टायपिंगवाला वारला, दुकान गेलं, पेनड्राइव्ह उरला. आता नातवाच्या लॅपटॉपवर तो उघडला तर पानंच्या पानं इंग्रजी भेंडोळं. कोणत्या फॉन्टात आहे ते मला कळायला मार्ग नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि फाइलच जोडून पाठवली. गुरुजींना फॉन्ट नकोच होता. त्यांना हवा होता जुन्या मजकुराचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर. पण अशी काही वस्तू असते हेच ज्याला माहीत नाही, तो ती मागणार कशी? त्याने 'फॉन्ट' हा एक शब्द ऐकलेला असतो, तोच तो पुढे करतो. ती फाइल स्नेह्यांनी अर्ध्या दिवसात करून दिली, दोनदा तपासली, आणि पैशांचा विषय काढू दिला नाही.

म्हणजे पहिला प्रश्न सगळ्यांचा सारखाच मोडका असतो. माणूस ओळखायचा तो दुसऱ्या प्रश्नाला. 'कोणतं सॉफ्टवेअर?' असं विचारल्यावर ज्याला खरंच कळत नाही तो शोधतो, चुकतमाकत सांगतो, 'इथे वर कोपऱ्यात असं लिहिलंय' म्हणून कळवतो. आळशी माणूस म्हणतो, 'ते सोडा सर, तुम्ही फक्त पाठवा ना.' त्याला स्वतःची दोन मिनिटं वाचवायची असतात आणि त्यासाठी दुसऱ्याचा तास लागला तरी तो दुसऱ्याचाच असतो. अशा माणसाला उत्तर देऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. स्नेही अजून देतात. त्यांची प्रकृती बिघडायचं ते एक कारण आहे.

अर्थात तज्ज्ञ जमातीचेही गुण उधळायचे राहायला नकोत. 'मागे सांगितलंय' म्हणायचं आणि मागे म्हणजे कुठे ते सांगायचं नाही, हा यांचा आवडता खेळ. दुसरा खेळ प्रश्नकर्त्याचा संसारच बदलण्याचा. तहसील कचेरीत अर्ज लिहून देणाऱ्या बाईंनी वर्डमधली अडचण विचारली तर 'वर्ड वापरताच कशाला? लिनक्स टाका.' एका ग्रुपवर कुणीतरी 'ज्ञ कसा काढायचा?' एवढंच विचारलं होतं. ज, हलन्त आणि ञ, तीन कळांचं उत्तर. पण इनस्क्रिप्ट हा 1986 पासूनचा प्रमाण कळफलक असताना लोक रोमन लिपीतून मराठी का बडवतात, या मुद्द्यावर दोन जाणत्यांची जुंपली. फोनेटिकवाल्याने इनस्क्रिप्टवाल्याला सरकारी म्हटलं, इनस्क्रिप्टवाल्याने त्याची मातृभाषा काढली. प्रकरण तीन दिवस चाललं. विचारणाऱ्याने तोवर ज्ञ पेनाने काढून कागद देऊनही टाकला होता.

आता म्हणे या सगळ्यावर उतारा आला आहे. एआयला विचारायचं. तो 'विंडोज कोणतं?' विचारून आपला अपमान करत नाही. 'मराठी येत नाही' एवढ्यावर तो सात मुद्द्यांचं उत्तर देतो, तेही नम्रपणे. त्यातला चौथा मुद्दा अशा एका मेनूत जायला सांगतो जो त्या सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. लोक तो मेनू तासभर शोधतात, मग उत्तराचा फोटो काढून आमच्या स्नेह्यांना पाठवतात: 'सर, हे बटण कुठे आहे?' पूर्वी त्यांना फक्त प्रश्न समजून घ्यावा लागायचा. आता आधी चुकीचं उत्तर समजून घ्यावं लागतं, मग त्यामागचा प्रश्न.

आणि एवढं करून काम झालं की शेवटचा निरोप येतो: 'झालं.' कशाने झालं, कोणती गोष्ट लागू पडली, काही नाही. पत्रिकावाल्याने तेवढंही कळवलं नाही. कधीकधी 'झालं'सुद्धा येत नाही. आठवड्याने दुसऱ्या गावाहून वेगळ्याच माणसाचा 'सर' येतो, तीच अडचण, आणि 'आमच्या मित्राचं तुम्ही करून दिलं होतं, तसंच करा.'

तेव्हा वाचकांना विनंती आहे. विचारताना सॉफ्टवेअर कोणतं, आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, काय टाइप केलं आणि काय उमटलं, एवढं एकाच निरोपात लिहावं. पडद्याचा मोबाइलने फोटो काढू नये. विंडोज 10 किंवा 11 असेल तर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की स्क्रीनशॉट घेता येतो. काम झाल्यावर कशाने झालं ते दोन ओळींत कळवावं. रात्री दहानंतर लग्नपत्रिका काढू नये. आमच्या स्नेह्यांचा नंबर या सदरात दिलेला नाही, आणि तो मागण्यासाठी संपादकांना फोन करू नये.