बार्बवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी, एक कायमचा थकबाकीदार आणि एक फिशटँकवाले काका असतात. त्यातही पोटजाती आहेत. वास्तुशास्त्राचं पुस्तक वाचून ईशान्येला एकुलता एक फ्लॉवरहॉर्न पाळणारे वेगळे, आणि नातवाच्या हट्टापायी काचेच्या वाडग्यात गोल्डफिश जगवणारे (फार दिवस नाही) वेगळे. मी म्हणतो ते बार्बवाले. यांना हौशी म्हणणं म्हणजे वारकऱ्याला पर्यटक म्हणणं.

टायगर बार्ब हा सुमात्रा-बोर्निओकडचा मासा. पिवळसर अंगावर चार काळे पट्टे, लांबी जेमतेम अडीच इंच आणि वृत्ती गल्लीतल्या गुंडाची. एकटादुकटा ठेवला की एक तर कोपऱ्यात बुजून बसतो, नाहीतर शेजाऱ्यांच्या जिवावर उठतो. आठ-दहा असले की मानपान, रुसवेफुगवे, पाठलाग हे सगळं आपापसात उरकतं आणि इतरांना जरा उसंत मिळते. काकांचं अख्खं समाजशास्त्र एवढ्यावर उभं आहे.

त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात गेले की वाद ठरलेला. आपल्याकडे शोभेचे मासे जोडीनं विकायची रीत. दुकानदार हवा भरलेल्या पिशवीत दोन सोडतो आणि काका कडाडतात, "अरे, लग्न लावतोयस का त्यांचं? आठ दे!" बिचारा खूश होऊन वर एक एंजल फुकट देऊ करतो. इथे काकांचा पारा चढतो. एंजलचे ते झिरमिळ्यांसारखे लांब पर बार्बांनी आठवड्याभरात कुरतडून ठेवले असते, हे दुकानदाराला ठाऊक असतं आणि काकांना ते त्याला ठाऊक असल्याचं ठाऊक असतं.

काकांना खऱ्या रूपात पाहायचं तर रविवारी सकाळी. उजवी बाही कोपराच्या वर, खाली बादली, नळीचं एक टोक टाकीत आणि दुसरं तोंडात. पाणी कुठवर आलंय ते डोळे बारीक करून बघत ओढायचं आणि ऐन वेळी नळी बादलीत सोडायची. कधीकधी ऐन वेळ हुकते. मग काका बेसिनपाशी जाऊन शांतपणे थुंकतात आणि म्हणतात, "नायट्रेट वाढलंय."

चौथा हिस्सा पाणी बदललं की टेस्ट किट बाहेर येतं. परीक्षानळीत थेंब मोजून टाकायचे आणि खिडकीच्या उजेडात धरायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य. हिरवट झाक आली की घरात सुतक. "अहो, माझा बीपी शेवटचा कधी तपासलात?" असं काकू स्वयंपाकघरातून विचारतात. उत्तर येत नाही, कारण थेंब मोजताना बोलायचं नसतं. काकूंच्या पदरात पडतं ते बादलीतलं जुनं पाणी. त्यावर वाढलेली त्यांची तुळस सगळ्या विंगेत उजवी आहे, हे मात्र त्या स्वतःही मान्य करतात.

काकांचा हळवा कोपरा म्हणजे डेनिसन बार्ब. बाजारातलं नाव मिस केरला. अंगभर काळी रेघ, तिच्यावर नाकापासून निघालेली लालभडक रेघ. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांत सापडतो, आणि 2013 साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली, तिचं नाव सह्याद्रिया. हे सांगताना काकांची छाती अशी फुगते, की जणू बारशाला आत्याबाई म्हणून तेच हजर होते. शौकिनांनी नद्यांतून इतका उपसला की मासा धोक्यात आला, म्हणून काका दुकानात दरडावून विचारतात, "नदीतला की फार्मवरचा?" दुकानदार थंडपणे म्हणतो, "दुकानातला." काका रिकाम्या हातानं परततात. या माणसाचा मला आदर वाटतो तो इथे.

पाहुण्यांशी मात्र त्यांचं जमत नाही. मालवणचे शेजारी दर भेटीत टाकीसमोर वाकून एकच प्रश्न विचारतात, "खातत काय हे?" एकदा काकांनी भाबडेपणानं खाद्याचा डबा दाखवला होता. आठाच्या खाली ठेवले तर माशांना ताण येतो, हे कळवळून सांगणारे काका स्वतः सोसायटीच्या सभेला कधी फिरकत नाहीत. बोलावलंच तर म्हणतात, "तिथे सगळे बार्ब आणि मी एकटा एंजल." सभासदांचं मत नेमकं उलटं आहे.

त्यांच्याकडे जायचं झालं तर रविवार टाळा, काचेवर टकटक करू नका आणि कौतुकाच्या भरात "आम्हालाही एखादा द्या ना" असं चुकूनही म्हणू नका. आठ मिळतील. त्याआधी टाकी आणून, पाणी भरून, महिनाभर फिल्टर चालवून ठेवायला लावतील, आणि पाणी तयार झालं का ते तपासायला किट घेऊन स्वतः येतील.