खूर मात्र चारच

चित्रांचं पुस्तक विकत घेताना मोठी माणसं एक ठरलेला विधी पार पाडतात. आधी मलपृष्ठ उलटून किंमत बघायची, मग भरभर पानं चाळायची आणि मग दुकानदाराकडे असं पाहायचं, जणू त्यानं तांदळाच्या भावात कोंडा मापून दिला आहे. ‘‘यात वाचायला आहे काय? पानावर दोन तर ओळी!’’ गोंदिया पडलं राइस मिलांचं गाव. इथं ऐवज वजनावर जोखायची सवय, त्यामुळे दोन ओळींच्या पानाला पैसे मोजताना हात का आखडतो, ते मी समजू शकतो. पण त्या दोन ओळी मी निमिषात संपवतो आणि माझ्या पहिलीतल्या नातीला तेच पान दुपारभर पुरतं. ती मजकूर वाचतच नाही. ती त्या चित्रातल्या घरात राहायला जाते. पलंगाखाली कुणाची चप्पल आहे, मांजर मागच्या पानावर खिडकीत होतं ते आता कुठं गेलं, आईच्या हातातला डबा रिकामा की भरलेला, अशी सगळी झडती घेऊन झाल्यावर कधीतरी तिला आठवतं की खाली अक्षरंही आहेत.

तेव्हा माझं एक मत, कुणी विचारलेलं नसताना दिलेलं: बालपुस्तकातलं घर फार आवरलेलं नसावं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मला याचसाठी आवडतात. त्या लिहितातही स्वतः आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे शब्दांनी जे सांगायचं राखून ठेवलं ते चित्र गुपचूप सांगून टाकतं. ‘राधाचं घर’मधली माणसं पाहुणे आल्यासारखी बसलेली नसतात, घरात असावीत तशी असतात. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. याच बाईंनी बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक मराठीत आणलं, याचं अनेकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. वाट बघणं म्हणजे काय, हे लहान मुलाइतकं कुणाला ठाऊक असतं?

बर्फाच्या गावातली, लाल गळपट्टा गुंडाळलेल्या अस्वलांची परदेशी पुस्तकंही आमच्या घरी येतात. माझी तक्रार नाही. धानाच्या बांधीत उभी असलेली सारसाची जोडी नातीनं खरीखुरी पाहिली आहे. मुलीच्या उंचीपेक्षा मोठा पक्षी ज्या जिल्ह्यात चिखलात पाय रोवून ऐटीत उभा असतो, तिथं अस्वलाच्या गळपट्ट्यानं कोण बुजणार! पण याच परदेशी ढिगात एक पंख असलेला घोडा निघाला. पांढराशुभ्र, आयाळीत तारे, खाली झोपलेलं गाव. मजकूर स्वप्नाळू होता आणि मीही आवाज जरा मऊ करून वाचत होतो. नातीनं घोड्याचं पोट, पंख, शेपूट नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘आबा, हा शी कुठं करते?’’

मी म्हटलं, ‘‘ढगात.’’

‘‘मंग ते खाली लोकायच्या अंगावर नाही पडत?’’

पुढचं पान काही वाचून झालं नाही. मला मात्र एकदम पदमपूर आठवलं. गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या गाडीनं आमगावला उतरलं की जवळच आहे. आठव्या शतकातल्या भवभूतीनं आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगून ठेवलं आहे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते हेच असं ठरवलं. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा सर्वांत जुना लेखक. पण कीर्ती कशाची, तर करुणरसाची! तीन नाटकं लिहिली आणि एकातही विदूषक नाही. विनोदाला दारातूनच परत पाठवणारा गंभीर गृहस्थ, अशी त्याची पंडितांत ख्याती.

पंडितांनी ‘उत्तररामचरित’ नातवंडांना मांडीवर घेऊन वाचलं नसावं. चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात अश्वमेधाचा घोडा शिरतो. साऱ्या पृथ्वीला आव्हान देत निघालेला, मागे सेना असलेला घोडा. आश्रमातल्या बटूंनी घोडा हा प्राणी फक्त ऐकलेला. ते धापा टाकत लवाकडे येतात आणि जे पाहिलं ते सांगतात: मागे मोठं शेपूट आहे, ते सारखं हलवतो, मान लांब आहे, खूर मात्र चारच, गवत खातो आणि आंब्याएवढाल्या लिदी टाकतो. बस्स. साम्राज्याचा सगळा दरारा लिदीपर्यंत येऊन थांबतो. विदूषकाला भवभूतीनं रजा दिली, ती त्याचं काम पोरं जास्त चांगलं करतात म्हणून, असा माझा आपला तर्क आहे.

त्याच नाटकाचा पहिला अंक तर मला चित्रांच्या पुस्तकाचंच वाचन वाटतो. वडील माघारी गेल्यानं सीता उदास आहे, म्हणून तिला रमवायला लक्ष्मण त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवतो. ती एकेका चित्राशी थबकते, शूर्पणखा दिसताच घाबरते आणि रामाला समजूत घालावी लागते की हे नुसतं चित्र आहे. लग्नाच्या चित्रात ऊर्मिलेपाशी बोट ठेवून ती दिराला मुद्दाम विचारते, ही आणखी कोण? लक्ष्मण लाजतो आणि घाईनं परशुरामाकडे वळवतो. झोपायची वेळ झाली की आम्ही दोन पानं एकदम उलटतो, तेव्हा लक्ष्मणाचीच परंपरा चालवत असतो. सीतेनं चालवून घेतलं. माझी नात घेत नाही.

विनोदी अद्भुत कादंबऱ्यांचा मला उतारवयात नाद लागला, तो टेरी प्रॅचेटमुळे. १९८३पासून त्यानं ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली पृथ्वी थाळीसारखी चपटी, चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका कासवाच्या पाठीवर. माझ्या आजीला यात नवल वाटलं नसतं; दिग्गज आठ असताना बाकीचे चार कुठं गेले, एवढंच तिनं विचारलं असतं. या जगात मृत्यू हे एक पात्र आहे आणि त्याच्या पांढऱ्या घोड्याचं नाव बिंकी. आधी त्यानं ज्वाळांचे घोडे ठेवून पाहिले, पण ते स्वतःच्याच पागेतलं गवत पेटवून देत. म्हणून साधा, चंदी खाणारा घोडा. इथं मला पदमपूरचे बटू भेटतात. चमत्कार कितीही थोर असो, त्याला चारा लागतो आणि मागचं कुणाला तरी झाडावं लागतं, हे ज्या लेखकाला कळलं त्याच्या जादूवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. ज्या पुस्तकात छडी फिरवली की सगळं होतं आणि कुणालाच झाडू घ्यावा लागत नाही, तिथं मला पेंग येते.

आमच्या पिढीला अद्भुताचं शिक्षण ‘चांदोबा’ मासिकानं दिलं. मराठीत तो १९५२ साली आला, छापून यायचा मद्रासहून, त्यामुळे जगातले सगळे राजवाडे गोपुरांचे असतात अशी माझी बरेच दिवस समजूत होती. चित्रकार शंकर यांचं ते चित्र: हातात तलवार, खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत, आणि विक्रमादित्य निघाला आहे. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस. ‘चांदोबा’नं त्या संपू दिल्या नाहीत, नव्या नव्या घालत राजाला वर्षानुवर्षं चालवला. राजाला उत्तर येतं, म्हणून तो बोलतो आणि बोलतो म्हणून हरतो. हुशारीची एवढी हसरी शिक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

परवा एक जुना अंक नातीपुढे ठेवला. तिनं पान जवळ घेऊन बराच वेळ पाहिलं. ‘‘आबा, हा राजा जेवते कधी?’’

मला सुचेना. म्हटलं, ‘‘वेताळाला विचार.’’

‘‘वेताळाला कसं विचारू?’’ ती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाली. ‘‘बोललं का तो पळून जाते ना!’’