धरणातल्या रोहूला खुले पत्र

प्रति,
श्री. रोहू (सोबत कटला आणि मृगळ),
मु. पो. कोणतेही धरण, जि. रत्नागिरी.

विषय : कायम वास्तव्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

आपले मूळ गाव गंगेकाठी. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाला इथे रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चपला झिजवाव्या लागतात. आपण मात्र प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बोटुकली म्हणून आलात आणि पाण्यात पडताक्षणी 'मत्स्यविकास' झालात.

त्यातही आपला थाट असा, की साठलेल्या पाण्यात आपण अंडी घालत नाही. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओरिसात इंजेक्शन देऊन आपल्या कुळातल्या माशांची वीण घडवली. तेव्हापासून आपला पाळणा हॅचरीत हलतो. बीज दरवर्षी सोडायचे, मासा टनावर मोजायचा. आकडा छान दिसतो.

टनात न मावणारे काही मूळ रहिवासी आहेत. खवळे, शिंगट्या, मरळ. मृगाचा पाऊस लागला की ओढ्याला गढूळ पाणी येते आणि पोटात गाभोळी घेऊन हे मासे उलटे वर चढतात, पार भातखाचरांपर्यंत. अहीर, म्हणजे सापासारखा लांब मासा, तर जन्मतो समुद्रात. काडीएवढी पिल्ले खाडीतून नदीत येतात, ओल्या कातळाला पोट चिकटवून वळवळत धबधबे चढतात, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतात आणि विणीसाठी परत समुद्राकडे निघतात. नातूवाडी धरण असो वा अर्जुना, या माशांच्या वाटेत भिंत येते. सांडव्यावरून खाली पडायची सोय असते, वर चढायची नसते. कोयनेचे पाणी मात्र डोंगर पोखरून, वीज देऊन, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळते. अभियांत्रिकीला काही अशक्य नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांच्या निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्या मोजायला लांब जायला नको. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून याच जिल्ह्यात आहे.

आपल्यावर राग नाही. मच्छीमार सोसायटीची चूल आपल्यावर पेटते, आणि आपली तुकडी आमच्या ताटात बरी लागते (सुरमईची सर नाही, पण आता तोंडावर कशाला बोला!). तक्रार एवढीच, की जलाशयात मासे किती, हे विचारणारे पुष्कळ. किती जातींचे, हे विचारणारा एखादाच.

आपला,
एक मासेखाऊ रत्नागिरीकर

ता. क. : हे रोहूसाठी नाही, वाचकांसाठी. भिंत सरकारने बांधली, पण पहिल्या पावसात बत्ती आणि कोयती घेऊन वहाळात उतरतो ते आपणच. 'चढणीचे मासे' म्हणून जे मिटक्या मारत खातो, ती पुढच्या वर्षाची वीण असते. यंदा पहिले पंधरा दिवस तेवढी कोयती घरी ठेवा.