हिवाळ्यातले अजिंक्यवीर

२०२५ च्या २९ सप्टेंबरपासून पुढचा सारा हिवाळा न्यू यॉर्क मेट्स हा बेसबॉलचा संघ एकही सामना हरला नाही. आदल्या दिवशी हरला होता, पण त्याला इलाज नव्हता. तेव्हा सामने चालू होते.

१२ जूनला हाच संघ ४५ विजय आणि २४ पराभव अशा थाटात साऱ्या मेजर लीगच्या डोक्यावर बसला होता. तिथून जी घसरगुंडी लागली ती थेट मायामीपर्यंत. शेवटच्या रविवारी नुसतं जिंकायचं होतं. त्याच जागेच्या शर्यतीतले सिनसिनाटीवाले त्या दिवशी हरले, म्हणजे प्लेऑफचं दार त्यांनी उघडूनच ठेवलं होतं. मेट्सनी मायामीच्या मार्लिन्सकडून ४-० असा मार खाल्ला आणि ते दार बाहेरून लोटून घेतलं. दोन्ही संघांचे विजय ८३, पराभव ७९; आपसातल्या लढतींत सिनसिनाटी वरचढ, म्हणून तेच पुढे गेले.

त्या दिवसापासून मी एका ठाम मताला आलो आहे. मेट्सचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. मार्चअखेर ते सप्टेंबर जे १६२ सामने होतात ते केवळ विकत आणलेली माणसं कुठेतरी ठेवावी लागतात म्हणून.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव म्हणजे दोन दिवसांचं काम. हातोडा पडला, टेबलावरचे चार जण हसले, विषय मिटला. अमेरिकेतला लिलाव चार महिने चालतो, त्यात हातोडा नसतो, आणि समोरच्याची बोली किती हे फक्त खेळाडूच्या एजंटाला ठाऊक असतं. तो सांगेल ते खरं. मेजर लीगमध्ये सहा वर्षं काढली की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे हवा तिथे जायला मोकळा. ही मोकळीक कोणी आनंदाने दिलेली नाही, हेही सांगून टाकतो. १९६९ साली सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा मी काही विकायची वस्तू नाही म्हणत तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, कारकीर्दही गमावून बसला. मालकांचा जुना नियम मोडला १९७५ च्या लवादाने, तोही दुसऱ्याच दोन पिचरांच्या तक्रारीवर. आज जे कोट्यवधींचे आकडे ऐकून आपण तोंडात बोटं घालतो, त्यातला एक छदामही फ्लडला मिळाला नाही.

आता आकडे. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दामध्ये ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली आणि आपले डोळे पांढरे झाले. पंधरा दिवसांत मेट्सनी हुआन सोटोशी १५ वर्षांचा करार केला : ७६ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. पंतची आख्खी रक्कम सोटो महिन्याभरात मिळवतो. आयपीएलमधले तीन संघ त्यांच्या तेव्हाच्या १२० कोटींच्या थैलीसकट उभे केले, तरी सोटोच्या एका वर्षाच्या पगारात हातात पैसे उरतात. सोटोचा आदला संघ यांकीज. तेही ७६ कोटी डॉलर द्यायला तयार होते; पण बातम्यांनुसार बिनसलं ते घरच्या मंडळींना मैदानावर बसायला फुकट स्वीट देण्यावरून. मेट्सनी ती दिली. वरातीतल्या मानपानावरून रुसवेफुगवे फक्त आपल्यातच होतात, हा समज तेवढा दूर झाला.

सोटोने आपलं काम चोख केलं बरं का. ४३ होम रन, वर ३८ चोरलेले बेस. बाकीच्यांनीही आपापलं केलं, त्याचा परिणाम मायामीत दिसला.

एडिसनला आमचे एक मामा राहतात. न्यू जर्सीत राहून यांकीजचं न होता मेट्सचं होणं ही एक प्रकारची दीक्षा आहे. मामांनी ती १९८६ साली घेतली. मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. त्यानंतर आजतागायत जिंकलेले नाहीत, आणि हे आपल्यामुळे झालं अशी शंका मामांच्या मनालाही शिवत नाही. हिवाळा लागला की मामा तळघरात जाऊन संघ बांधायला घेतात. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली नेलेलं असतं. डिसेंबरच्या पानावर संकष्टीच्या चौकोनात ‘स्कूबल?’ लिहिलेलं, एकादशीला फ्री एजंट टकरविषयी ‘४ वर्षं, जास्त नाही’, आणि दुधाच्या हिशेबाच्या जागी लक्झरी टॅक्सचा हिशेब. मामी सध्या चंद्रोदयाची वेळ फोनवर बघतात.

मामांचं धोरण एका ओळीचं आहे : आवळा देऊन कोहळा काढायचा. आवळा आपण ठरवायचा, कोहळाही आपणच निवडायचा, समोरच्यांनी फक्त सही करायची.

“डेट्रॉइटकडून स्कूबल घ्यायचा,” मामा म्हणाले.

टॅरिक स्कूबल हा २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला माणूस.

“मामा, ते कशाला देतील?”

“अरे, पुढच्या वर्षाअखेर तो फ्री एजंट होतोय. फुकट जाणार. त्यापेक्षा आपल्याला दिला तर त्यांच्या पदरात काहीतरी पडेल.”

“म्हणजे काय पडेल?”

“सेंगा देऊ.” कोडाई सेंगाला त्या मोसमाच्या शेवटी मेट्सनी स्वतःच मायनर लीगमध्ये धाडलं होतं. “वर व्हिएंटोस. आणि एखादा कोवळा पोरगा. तो मात्र आपण सांगू तोच हं, त्यांनी निवडायचा नाही.”

“नोलन मॅक्लीन?”

मामांनी चष्मा काढला. “मॅक्लीनला हात लावायचा नाही!”

मॅक्लीन ऑगस्टमध्ये आला आणि पाच सामने जिंकून गेला. म्हणजे जे चालत नाही ते सगळं विकाऊ आणि जे चालतं ते घरातलं. मामींनी जिन्यावरूनच विचारलं, “डेट्रॉइटवाल्यांना कोणी सांगितलंय का हे सगळं? यांना स्वतःची जुनी गाडी धड विकता आली नव्हती.” मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला तर पक्की खात्री आहे की डेट्रॉइटजवळच्या नोव्हीत किंवा ट्रॉयमध्ये असाच एक मराठी मामा तळघरात बसून आपले तीन गळके आवळे मोजतो आहे आणि त्यांच्या बदल्यात सोटो मागतो आहे. या दोघांना एकदा एका खोलीत बसवलं पाहिजे. चहा चार वेळा होईल, सौदा एकदाही होणार नाही.

मामांच्या हातून निदान कोणाचं नुकसान होत नाही. अडचण आहे ती ज्यांच्या सहीला किंमत आहे त्यांची. मेट्सचे सर्वेसर्वा डेव्हिड स्टर्न्स हे मॅनहॅटनमध्ये वाढलेले, लहानपणापासूनचे मेट्सभक्त आणि वर हार्वर्डचे पदवीधर. भक्ती आणि गणित एकाच डोक्यात नांदायला लागली की काय होतं, ते त्या हिवाळ्यात दिसलं.

नोव्हेंबरात त्यांनी ब्रँडन निमो टेक्सासला दिला. २०११ पासून संघात, करारात नकाराधिकार असलेला. तरी बिचारा हो म्हणाला. बदल्यात आला पस्तिशीचा मार्कस सेमिएन, कारण आता धावा करण्यापेक्षा धावा वाचवायच्या असं धोरण ठरलं होतं. मग डिसेंबरात ऑरलँडोत विंटर मीटिंग्ज भरल्या. सगळ्या संघांचे अधिकारी, एजंट आणि पत्रकार एका हॉटेलच्या लॉबीत एकमेकांकडे न बघितल्यासारखं करत फिरतात, त्या मेळाव्याचं हे नाव. तिथे ९ तारखेला एडविन डियाझ लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. शेवटच्या डावात येऊन सामना बंद करणारा हा क्लोजर मैदानात उतरताना तुतारी वाजायची आणि चाळीस हजार माणसं उभी राहायची. (तुतारी म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकांनी भलते अर्थ काढू नयेत.) लागोपाठ दोन वर्षं जगज्जेते झालेल्या डॉजर्सच्या घरी नेमकी तुतारीचीच उणीव होती, ती भरून निघाली.

मेट्स गाफील नव्हते. त्यांनी यांकीजचा डेव्हिन विल्यम्स आधीच घेऊन ठेवला होता. तीन वर्षांना डियाझला ६ कोटी ९० लाख डॉलर मिळणार, विल्यम्सला ५ कोटी १० लाख; बचतच म्हणायची. आता नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २०२५ मध्ये डियाझची १.६३ होती आणि विल्यम्सची ४.७९, पण स्वस्त वस्तूला इतका उजेडात धरून बघू नये. जाणकार सांगतात, विल्यम्सचं ते वर्ष निव्वळ दुर्दैवाचं होतं. असेल. दुर्दैव मागे लागलं की माणूस क्वीन्सला, मेट्सच्या घरी, येतोच.

दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, पीट अलोन्सो बाल्टिमोरचा झाला. पाच वर्षं, १५ कोटी ५० लाख डॉलर. मेट्सच्या इतिहासात सर्वांत जास्त, २६४ होम रन मारलेला हा माणूस; त्याच्यापुढे मेट्सनी म्हणे रीतसर आकडाच ठेवला नाही. तारीख मात्र जाणून निवडल्यासारखी. १० डिसेंबर १९७१ ला याच संघाने नोलन रायन नावाचा एक तरुण पिचर, सोबत आणखी तीन जण, कॅलिफोर्नियाला दिले आणि जिम फ्रेगोसी आणला. फ्रेगोसीचा अंगठा सरावातच मोडला आणि दीड वर्षात तो विकलाही गेला. रायनने पुढे सात नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट मिळू न दिलेले सामने) टाकले, कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआउट घेतले. सातही नो-हिटर मेट्स सोडल्यावरचे. मामांच्या कालनिर्णयात १० डिसेंबरच्या चौकोनात काहीच लिहिलेलं नाही. हे मामांचं मोठेपण.

ठरलेला सौदा मोडण्यातही या संघाचा हात कोणी धरू शकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात कार्लोस कोरेआचं सॅन फ्रान्सिस्कोशी जमलं : १३ वर्षं, ३५ कोटी डॉलर. पत्रिका जुळली, पत्रकार परिषदेचा मांडव पडला, आणि ऐन वेळी डॉक्टरांना पायात जुन्या शस्त्रक्रियेचा मंगळ दिसला. वरात थांबली. मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन तेव्हा हवाईत सुट्टीवर होते. त्यांनी तिथूनच रातोरात १२ वर्षं आणि ३१ कोटी ५० लाखांवर स्थळ पक्कं केलं. मग मेट्सच्या डॉक्टरांनी पाय बघितला. मंगळ तिथेच होता. शेवटी जानेवारीत कोरेआ आधीच्याच घरी, मिनेसोटाला, सहा वर्षांसाठी २० कोटींवर परत गेला. फोटोत एक पाय इतक्या डॉक्टरांनी पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पैशाचं सांगायचं तर लीगमध्ये संघाच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, दंड आहे. ठरावीक आकड्यापुढे गेलं की लक्झरी टॅक्स. खेळाडू संघटनेबरोबरच्या २०२२ च्या करारात त्याला आणखी वरची एक पायरी जोडली. तिला लोक थेट ‘कोहेन टॅक्स’ म्हणतात. वारंवार दंड भरणाऱ्याने त्या पायरीपुढे दहा डॉलरचा खेळाडू घेतला की दंड अकरा. २०२३ मध्ये मेट्सनी असा दंड दहा कोटींच्या वर भरला आणि ८७ सामने हरले. त्याच उन्हाळ्यात मॅक्स शर्झरला टेक्सासला देऊन टाकलं, त्याच्या पगाराचा मोठा वाटा मात्र आपल्याकडे ठेवला. टेक्सास त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलं. दुसऱ्याचं कार्य इतक्या खर्चाने पार पाडणारे यजमान आता राहिले नाहीत.

जुन्या मालकांची तऱ्हा याहून वरची. बॉबी बोनिया १९९९ नंतर मेट्सकडून खेळलेला नाही. त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. आत्ता देण्यापेक्षा आठ टक्के व्याजाने पुढे देऊ, असं मालकांनी ठरवलं. कारण त्यांचे पैसे बर्नी मॅडॉफकडे होते आणि तिथे आठाहून जास्त सुटत होते, निदान कागदावर. मॅडॉफ २००८ मध्ये तुरुंगाच्या वाटेला लागला. बोनियाला २०११ पासून दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर आणि वर २० सेंट मिळतात. २०३५ पर्यंत मिळतील. तेव्हा तो ७२ वर्षांचा असेल. मेट्सच्या नोंदींत इतका नेमाने हजेरी लावणारा खेळाडू दुसरा नाही.

आणि हे काही हल्ली सुरू झालेलं नाही. संघ निघाला १९६२ साली. पहिल्याच मोसमात त्यांनी क्लीव्हलँडकडून हॅरी चिती नावाचा कॅचर घेतला; बदल्यात कोण द्यायचा ते नंतर कळवतो म्हणाले. १५ सामन्यांनंतर कळवलं : हॅरी चिती. स्वतःच्याच बदल्यात विकला गेलेला पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद आहे. आवळा देऊन आवळाच काढल्याची त्याआधीची नोंद मामांनाही सापडली नाही.

आता खरी काळजी वेगळीच आहे. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी तो संपला तेव्हा मालकांनी कुलूप घातलं आणि ते ९९ दिवस राहिलं. तेवढ्या काळात मेजर लीगचा ना एक ट्रेड झाला, ना एक फ्री एजंट कोणी सही करून घेतला. सामने मात्र पुढे ढकलून १६२ च्या १६२ खेळवले. दोन्ही बाजूंना हात जोडून विनंती आहे : भांडायचंच असेल तर भरउन्हाळ्यात भांडा, हवे तेवढे सामने बुडवा, पण आमच्या हिवाळ्याला हात लावू नका.