जंगम मालाची रवानगी

दिवाणी न्यायालयाच्या नाझर कचेरीत एकतीस वर्षे काढलेल्या मनुष्यास घरसामानाची यादी कशी करावी हे कोणी शिकवावयास नको, अशी माझी निवृत्तीच्या दिवसापर्यंत प्रामाणिक समजूत होती. बेलिफांनी जप्त करून आणलेल्या पितळी हंड्यांपासून भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळांपर्यंत कितीतरी संसारांच्या फर्दी माझ्या मेजावरून गेल्या, आणि त्यांच्यावर 'जंगम माल' असा मथळा घालताना माझा हात एकदाही अडखळला नाही. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टाने जमीन, जमिनीपासून होणारे लाभ आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू स्थावरात घालून बाकीचे अवघे विश्व जंगम ठरविले आहे. ह्या व्याख्येत रस्त्याचा उल्लेख कोठेही नाही, ही तिच्यातील गंभीर उणीव गेल्या चैत्रात माझ्या ध्यानी आली.

पुण्यातील भाड्याचे बिऱ्हाड मोडून गुहागर तालुक्यातील वडिलार्जित घरी कायमचे जाऊन राहावे, असा ठराव आमच्या घरात एकमताने, म्हणजे सौभाग्यवतीच्या मताने, मंजूर झाला, तेव्हा मी एका मालवाहतूक संस्थेस फोन केला. संस्थेच्या वतीने बोलणाऱ्या कन्येने फोनवरच आमच्या प्रत्येक खोलीचे चित्र पाहून घेतले आणि मग विचारले, "सर, ज्या घरी सामान पोचवायचं ते कितव्या मजल्यावर आहे?"

"तळमजला," मी शपथेवर सांगावे तसे सांगितले.

"लिफ्ट?"

"तळमजल्याला लिफ्ट कशाला?"

ह्या उलटतपासणीवर ती मंजुळ हसली आणि तिने अंदाजपत्रकातून जिन्याचा आकार वजा करून टाकला. मी असत्य बोललो नव्हतो. घर तळमजल्याचेच आहे. मात्र तो तळमजला, डांबरी रस्ता जेथे संपतो त्या देवळाच्या पटांगणापासून जांभ्याच्या १३७ पायऱ्या खाली, वहाळाकाठच्या नारळी-पोफळीच्या आगरात आहे, हे लिहिण्याजोगा रकाना तिच्या तक्त्यात नव्हता. आणि साक्षीदाराने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, हे तर मी हयातभर वकिलांच्या तोंडून ऐकत आलो होतो. एका मजल्यास १८ पायऱ्या धरल्या तर आमचे बिऱ्हाड उणे आठव्या मजल्याच्या किंचित अलीकडे पडते, हा हिशेब मी नंतर केला.

ज्या वाचकांचे पाय घाटावरच घडले आहेत त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की ह्या पायऱ्यांच्या वाटेस पाखाडी म्हणतात. दोन्ही अंगांना दगडांचे गडगे, मधे जांभ्याचे चिरे, आणि रुंदी इतकी बेताची की डोक्यावर हारा घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला गडग्याशी पाठ लावून उभे राहावे लागते. तिची कोणतीही पायरी दुसरीसारखी नाही: एक वीतभर, दुसरी गुडघाभर, तिसरी म्हशीच्या सोयीची. पावसाळ्यात तिच्यावरून माणसांपेक्षा पाणीच अधिक चालते. माझ्या वडिलांच्या काळी मुंबईहून आगबोट दाभोळास यावी, तेथून खाडी ओलांडावी, आणि एक पत्र्याची ट्रंक व एक वळकटी डोक्यावर घेऊन ही पाखाडी उतरावी असा प्रघात होता. जे डोक्यावर मावते तेवढीच मनुष्याची इस्टेट, असे त्या पिढीचे अर्थशास्त्र असावे. आमच्या पिढीने त्यात कपड्यांचे यंत्र, बर्फाचे कपाट आणि लोखंडी कपाट ह्यांची भर घातली.

रवानगीच्या दिवशी मुकादम चार हमाल घेऊन आला आणि यादी लिहू लागला. त्याच्या यादीत प्रत्येक जिनसेपुढे 'स्थिती' असा रकाना होता व त्या रकान्यात तो, वस्तूकडे न पाहता, 'ओरखडे, पोचे' असे लिहीत चालला होता. माझ्या विवाहाबरोबर घरात आलेल्या लोखंडी कपाटापुढे त्याने तसे लिहिले तेव्हा मी गप्प राहिलो, कारण तीच टीका त्याच विवाहातून निघालेल्या इतर काही गोष्टींवरही करता आली असती. परंतु दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या फ्रिजपुढेही तेच शब्द उमटले, तेव्हा गुन्हा घडण्यापूर्वीच आपल्या बचावाची कैफियत तयार ठेवणाऱ्या ह्या गृहस्थाविषयी मला व्यावसायिक आदर वाटू लागला. सौभाग्यवती स्वयंपाकाची भांडी कोणाच्या हाती देण्यास तयार नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे जरुरीचे कपडे जप्तीतून वगळलेले आहेत, हे मी तिला सांगितले. "अहो, पण हे जप्ती करायला आलेत का न्यायला?" ह्या तिच्या प्रश्नाचे उत्तर संहितेत नव्हते.

त्या कपाटाविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. ते गोदरेजचे आहे. आणि ज्या १८९७ साली सरकारने जंगम म्हणजे काय हे कायद्यात लिहून ठेवले, त्याच साली मुंबईत अर्देशीर गोदरेज ह्यांनी कुलपांचा कारखाना घातला, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. कपाट रिकामे करावे असा मुकादमाचा आग्रह होता. ते रिकामे केले. फक्त आतल्या चोरकप्प्यात माझे निवृत्तिवेतनाचे पुस्तक, राखीव चष्मा आणि घराचा सातबारा एवढे राहू दिले, कारण त्याहून सुरक्षित जागा पृथ्वीतलावर मला ठाऊक नव्हती.

सौभाग्यवती एस.टी.ने पुढे गेली. मी चालकाच्या शेजारी बसलो, कारण मुद्देमाल नजरेआड होऊ देणे हे माझ्या रक्तात नाही. चालक बीडकडचा, अबोल, आणि तंबाखू मळण्याच्या निमित्ताने दोन्ही हात सुकाणूवरून काढून घेण्यात निष्णात होता. खंबाटकीचा घाट चढून आम्ही साताऱ्यामागून उंब्रजला वळलो, पाटण मागे टाकले आणि कोयनानगरच्या आसपास, मागच्या बाजूला माझी भांडी किणकिणत असताना, सह्याद्रीतील सर्वांत मोठ्या बिऱ्हाड-बदलाचे मला स्मरण झाले. कोयना ही मुळात पूर्वेची. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. सरकारने तिचे पाणी धरणात अडविले, डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पश्चिमेस आणले, पोफळीला त्याच्याकडून वीज करून घेतली आणि मग त्याला वाशिष्ठीच्या हवाली करून अरबी समुद्राकडे लावून दिले. एका नदीचा संसार घाटावरून कोकणात उतरविण्यात आला आणि तिला एकही पायरी मोजावी लागली नाही. पाण्याला मुकादम लागत नाही, हे त्यातले मर्म.

कुंभार्ली घाटात वळणांनी आमचा पिच्छा पुरविला. प्रत्येक वळणावर मागे काही तरी घसरल्याचा आवाज होई आणि मी मनातल्या मनात यादीतील एक एक क्रमांक 'ओरखडे' ह्या सदरातून 'तुकडे' ह्या सदरात वर्ग करी. चिपळुणास चहा झाला. पुढे गुहागरचा रस्ता सोडून आमच्या गावाच्या फाट्यावर आलो, तो तेथे चालकाने गाडी उभी केली, खाली उतरून समोरच्या वळणाकडे, वरून आडव्या आलेल्या आंब्याच्या फांदीकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिले.

"सायेब," तो त्या दिवसातले पहिले संपूर्ण वाक्य बोलला, "ही गाडी हाय, शेरडू न्हाय."

तेथून पुढे ज्याला सर्वत्र 'छोटा हत्ती' म्हणतात तो टेम्पो भाड्याने घ्यावा लागला. १७ फुटी गाडीतून निघालेला संसार पाच खेपांमध्ये त्या हत्तीच्या पाठीवर बसून देवळापर्यंत आला, आणि दुपारी साडेतीनला पटांगणात, दीपमाळेच्या सावलीत, माझा सर्व जंगम माल एखाद्या लिलावासाठी मांडावा तसा मांडला गेला. हमाल पाखाडीच्या तोंडाशी गेले. चौघांनी खाली डोकावले. त्यांतला एकजण सातव्या पायरीपर्यंत उतरून परत आला आणि त्याने बाकीच्यांना काही सांगितले नाही. पण चौघांनीही एकाच वेळी आपापले रुमाल झटकून खांद्यावर टाकले. मुकादमाने खिशातून करारनामा काढला व त्यातील बारीक टाइपातले कलम माझ्यापुढे धरले: 'माल, वाहन जाईल तेथपर्यंत पोहोचविण्यात येईल.' मी ते दोनदा वाचले. मसुदा निर्दोष होता. पोचपावतीवर मी सही केली तेव्हा स्थळाच्या रकान्यात 'देऊळ' असे लिहावे लागले, आणि माझ्या समग्र संसाराची सुपूर्द अशा रीतीने ग्रामदेवतेकडे झाली.

आमच्या वाडीतले तरुण मुंबईला असतात. ते गणपतीत आणि शिमग्यात येतात. एरवी गावात राहतात ते म्हातारे, बायका, शाळेतली पोरे, आणि सड्यावरच्या कलमबागांत राखणीला असलेले नेपाळी गडी. गुरवाच्या नातवाने बागेत जाऊन त्या गड्यांपैकी तिघांना आणले. त्यांच्यातला सर्वांत किरकोळ अंगाचा मनुष्य फ्रिजजवळ गेला. त्याने फ्रिजला दोराचा वेढा दिला, दोराला जोडलेली रुंद पट्टी आपल्या कपाळावर घेतली (ह्या पट्टीला त्यांच्याकडे नाम्लो म्हणतात), पाठ फ्रिजला लावून उकिडवा बसला, दोन क्षण डोळे मिटले, आणि उठला तो फ्रिजसकट उठला. मागून पाहणाऱ्याला दोन अनवाणी पावले फुटलेला एक पांढरा फ्रिज पाखाडी उतरत असलेला दिसे. वाटेत तो एकदाच थांबला, तेही समोरून पाण्याची कळशी घेऊन येणाऱ्या म्हातारीला वाट देण्यासाठी. आणि म्हातारी फ्रिजकडे पाहून, जणू तो रोज ह्या वेळेस जातो, अशा थाटात बाजूने निघून गेली.

कपाट मात्र नाम्लोच्या अधिकारकक्षेबाहेरचे निघाले. तेव्हा गुरवाने मसलत दिली, की शिमगा नुकताच सरला आहे, पालखीच्या खांदेकऱ्यांचे खांदे अजून वाहते आहेत, त्यांनाच बोलवावे. ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात ह्याच पाखाडीने घरोघर उतरते व चढते. तेव्हा ही वाट ज्यांना डोळे मिटून येते असे गावात तेच. साठीच्या पुढचे सहाजण आले. त्यांनी कपाट आडवे केले, दोन वासे खालून घालून काथ्याच्या दोराने असे आवळले की ते पुन्हा कधी सुटेल की नाही अशी मला शंका आली. मग सर्वजण टोप्या काढून उभे राहिले, आणि गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे घातले.

"बा देवा महाराजा, पुण्यास्न ह्या लोखंडी कपाट इला हा. ता आज पाखाडीन खाली जाता हा."

"व्हय महाराजा!"

"काय वाकडा-नेकडा, मागलापुढला आसात, ता दूर कर. कोणाचो अंगठो, कोणाची पोटरी सांभाळ."

"व्हय महाराजा!"

"आनि मालकान पावती फाडूक इसरा नये, अशी बुद्धी दे."

ह्या शेवटच्या कलमावर 'व्हय महाराजा' विशेष जोरात झाले.

उतरताना पुढचे तिघे उलटे चालत होते. मी मागून छत्री आणि गादीची गुंडाळी घेऊन, मानकऱ्याच्या तोऱ्यात नव्हे पण साधारण त्याच जागी, चालत होतो. चाळिसाव्या पायरीवर विसावा झाला. कपाट गडग्यावर टेकविले गेले आणि सर्वांत वृद्ध खांदेकऱ्याने विडी पेटविली. ह्याच वाटेने आजारी माणसाला खुर्चीत बसवून, खुर्चीला वासे बांधून वर नेतात, आणि वर टेम्पो मिळेपर्यंत देवळात ठेवतात. त्याने आजवर किती जण नेले, असे मी विचारले. त्याने बोटे मोजली, मोजता मोजता सोडून दिली, आणि कपाटावर थाप मारून म्हणाला, "ह्या बरा, भाऊ. ह्या कण्हत नाय."

विडी संपली. आम्ही उठलो.

घराशी पोहोचेतो दिवेलागण झाली होती. सौभाग्यवतीने खळ्यात सडा घातला होता आणि, पालखी येते आहे अशा समजुतीने की सवयीने कोण जाणे, उंबऱ्याशी रांगोळीही काढली होती. कपाटाची उंची साडेसहा फूट, माजघराच्या दाराची साडेपाच. आत कोठे वळवावयास जागा नाही. बराच खल झाला, आणि शेवटी ते पडवीत, भिंत आणि लाकडी खांब ह्यांच्यामधल्या फटीत, इंचाइंचाने सरकवून उभे करण्यात आले. ते इतके बेमालूम बसले की सर्वांनी आपसूक समाधानाचा सुस्कारा सोडला. मोबदला विचारला, तेव्हा वृद्ध खांदेकरी दुखावल्यासारखा झाला. पालखीचा काय दर असतो काय, असे त्याने विचारले. नेपाळी गड्यांनी खेपांप्रमाणे रोख घेतले आणि नमस्कार करून गेले. मग चहा झाला, नारळ वाटला गेला, आणि गुरवाने सदऱ्याच्या खिशातून देवळाच्या जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक काढले. पावतीवरचा आकडा, त्या मंजुळ कन्येने वजा केलेल्या जिन्याच्या आकाराच्या बरोबर तिप्पट होता.

सगळे गेल्यावर मी कंदील घेऊन पडवीत आलो. कपाटाचे तोंड भिंतीकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वृद्ध खांदेकऱ्याकडे गेलो. ते वळवावयाचे तर पुन्हा खळ्यात काढावे लागेल, निदान सहा माणसे लागतील. त्याची कंबर धरली आहे, दोघे लग्नाला गेले आहेत, आणि नेपाळी गडी आता आंबा उतरवण्याच्या कामात आहेत, असे त्याने सविस्तर सांगितले. गणपतीत मुंबईची पोरे येतील तेव्हा एका घटकेचे काम आहे, काळजी करू नये. मी काळजी करीत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, तोपर्यंत निवृत्तिवेतनाच्या पुस्तकाची तातडी नाही. आणि सातबारा आत असला तरी जमीन बाहेर आहे. फक्त राखीव चष्म्याची अडचण होते, कारण नेहमीच्या चष्म्यावर त्या रात्री गादीची गुंडाळी पडली. किल्ली मात्र माझ्यापाशी आहे.