खाली मान घालून बिनसर

कुमाऊँतल्या बिनसरला जाणारा शहाणा माणूस झीरो पॉइंट गाठतो आणि नंदादेवी, त्रिशूळ, पंचाचूली बघून येतो. आम्ही गेलो ऐन श्रावणात. शिखरं ढगात, जळवा बुटात. शिवाय सोबत बुरशीतज्ज्ञ सर, त्यांचे विद्यार्थी आणि वनखात्याचा परवाना. या मंडळींना हिमालय दाखवला तरी ती पायाखालचा पाचोळाच उकरणार.

कारण बांज. तिकडचा ओक. अळंबीचे तंतू त्याच्या कोवळ्या मुळांना वेढून बसतात, जमिनीतलं पाणी नि फॉस्फरस झाडाला पोचवतात आणि मोबदल्यात साखर घेतात. त्यामुळे ही अळंबी बटन मशरूमसारखी शेडमध्ये पिकत नाही. तिला भेटायचं तर बांजाखालीच जायचं, तेही पावसात, तेही रांगत.

सरांनी जांभळट टोपीची एक रुसुला अळंबी सुरीने बुडासकट उचलली. आधी फोटो, मग वास. आमच्यातल्या मालवणच्या काकूंनी नाक लावलं आणि दोन हजार मीटरांच्या वर जाहीर केलं, "सुकट!"

आम्ही हसलो. सरांनी मात्र वहीत लिहून घेतलं. रुसुलाच्या एका गटाला खरंच कोळंबीचा वास येतो म्हणे. मग देठावर हिराकशीचा खडा घासला, तर देठ हिरवा! काकूंचं नाक आणि रसायनशास्त्र यांचं एकमत झालं. तेव्हापासून प्रत्येक अळंबी आधी काकूंकडे जाऊ लागली.

चवही बघतात. कणभर तुकडा जिभेवर घोळवायचा, तिखट की सौम्य ते ठरवायचं आणि थुंकायचं. हे फक्त रुसुला आणि चीक गाळणाऱ्या लॅक्टेरियसच्या बाबतीत, तेही जाणत्यांनी. अमानिता गटातल्या काही विषारी अळंब्या खाल्लेला माणूस त्यांची चव सांगायला उरेलच असं नाही.

"ही नवी जात का हो?" मी सारखा विचारायचो. सर म्हणायचे, "बघू." त्यापेक्षा मुलाकडच्यांचं 'कळवतो' परवडलं.

हे 'बघू' किती लांबतं ते रात्री कळलं. टोपी कागदावर पालथी घालून बीजाणूंचा ठसा घ्यायचा, नमुना सुकवायचा, मायक्रोस्कोपखाली बीजाणूंवरची नक्षी तपासायची, डीएनए जगभरच्या नोंदींशी ताडायचा. मग मूळ नमुना हर्बेरियममध्ये कायमचा ठेवायचा, नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि वर्णन छापायचं. २०१२ पूर्वी तर वर्णन लॅटिनमध्येच लागायचं. आता इंग्रजी चालतं. बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा २०१७ सालचा अंदाज आहे. बारसं झालंय जेमतेम दीड लाखांचं.

"नवी निघालीच, तर नाव कोणाचं द्यायचं?" काकूंनी विचारलं.

"कोणाचंही. फक्त शोधणाऱ्याने स्वतःचंच द्यायचं नाही, अशी रीत आहे."

"मग माझं चालेल की," काकू म्हणाल्या. "मी कुठे काय शोधलंय? मी नुसता वास घेतला."