लिंबू, सालासकट

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काय द्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. कैरीची वाटली डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, हातावर मोगऱ्याची फुलं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, अक्षय्य तृतीयेला उठते आणि मधल्या महिन्यात घरोघरी हाच बेत असतो. इतकी पक्की घडी मोडायची तर त्याला नुकता निवृत्त झालेला पुरुषच लागतो. तो आमच्या घरात उपलब्ध होता. शिवाय उभा जन्म बँकेच्या ऑडिट खात्यात गेलेला. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता आपल्या हातूनही काही चुकू शकतं, ही कल्पनाच नाहीशी झालेली.

मुळात सगळं सुरू केलं भाच्याने. तो साव पावलोला नोकरीला असतो. सुट्टीवर आला तेव्हा आमच्या ओट्यावर त्याने ब्राझीलचं लिंबूपाणी केलं. तिकडे त्याला 'लिमोनाडा सुईसा', म्हणजे स्विस लिंबूपाणी म्हणतात. "मग हे नक्की कुठलं?" असं आईने विचारलं. "आजी, तू पी," एवढंच तो म्हणाला. लिंबं धुऊन त्यांच्या सालासकट फोडी, पाणी, साखर, बर्फ आणि कंडेन्स्ड दुधाचे थोडे चमचे. मिक्सर पाच-सहा सेकंद फिरवला, गाळलं, दिलं. रंग फिकट पोपटी, वर पांढुरका फेस. सालीतल्या तेलाचा वास आधी नाकात शिरतो आणि मग ते आंबटगोड दाट गार प्रकरण घशाखाली उतरतं. बाटलीतल्या प्रत्येक शीतपेयाला 'औषध' म्हणणाऱ्या आईने दुसरा पेला मागून घेतला.

"मामा, लगेच प्यायचं हं. ठेवायचं नाही," असंही तो म्हणाला होता. मी कृती वहीत उतरवून घेत होतो. त्यात 'लगेच' आलं नाही. वहीत प्रमाणं लिहायची असतात, बारक्या पोरांनी मामाला केलेल्या सूचना नाही. तो प्रत्येक फोडीतला मधला पांढरा दांडा कापत होता, सुरीच्या टोकाने बी न् बी काढत होता, तेही मी लिहिलं नाही. परदेशात राहून मुलं अशी वेळकाढू होतात, एवढी नोंद मात्र मनात केली. ब्राझीलमध्ये या सरबताला ताहिती जातीचं लिंबू वापरतात आणि त्यात बिया जवळजवळ नसतातच, हे मला नंतर कळलं. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं, रसाळ, आणि बियांच्या बाबतीत फार उदार.

साल होतं 2022, महिना एप्रिल. ज्यांनी त्या उन्हाळ्यात लिंबं घेतली त्यांना भाव सांगायला नको. एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना, थाळीतली फोड गायब, दुकानांच्या दारावरची लिंबं सुकून काळी पडली तरी कोणी बदलत नव्हतं. मंडईत मी चार डझन मागितली तेव्हा आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

"श्रीगोंद्याचा माल आहे, साई सरबती," विक्रेता खुशीत म्हणाला. "लोणचं का?"

"सरबत."

"मग साली टाकू नका, लोणच्याला होतील."

"सालीसकटच वाटणार आहे."

त्याने न बोलता पिशवी भरली आणि सुटे परत देताना पुन्हा एकदा मोजले.

हळदीकुंकवाच्या दिवशी ही म्हणाली, "अहो, पन्ह्याचा गर मी काढून ठेवलाय. तुम्ही हौस म्हणून दोन पेले करा की." हौस! सत्तर बायकांचं नियोजन कागदावर तयार होतं. सकाळी अकराला मिक्सर सुरू केला. बिया कोण काढणार? आणि पाच-सहा सेकंद कसले? दहा रुपयांचं लिंबू, त्याची साल पूर्ण वसूल झाली पाहिजे, म्हणून प्रत्येक घाणा चांगला मिनिटभर फिरवला. गाळणीत हिरवा चोथा साठत होता आणि त्यात बियांचे पांढरे तुकडे चमकत होते. बियाही बारीक झाल्या म्हणजे मिक्सर चांगला आहे, असं मी समजलो.

मग कंडेन्स्ड दूध. लिंबाच्या रसात ते पडलं की फाटत नाही, उलट दाट होतं. फ्लोरिडातल्या की लाइम पायचं सारण याच गुणावर घट्ट बसतं. चमच्यावरून संथ ओघळणारी ती धार पाहून मी आईला हाक मारली. दोघांनी चव घेतली. शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित कडवट लागलं, ते मी परदेशी ढब म्हणून मान्य केलं. दोन मोठी पातेली फ्रिजमध्ये मावेनात, तेव्हा पन्ह्याचा गर बाहेर काढला.

पुढे पातेल्यात काय चाललं होतं ते त्या रात्री दोषी शोधताना वाचलं. लिंबाच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं. ते स्वतः कडू नसतं. पण पेशी फुटून आंबट रसात मिसळलं की त्याचं हळूहळू लिमोनिन होत जातं, आणि लिमोनिन जहाल कडू. काही जातींच्या संत्र्यांचा ताजा काढलेला गोड रस ठेवल्यावर कडू होतो तो यामुळेच. रसाच्या कारखानदारांची ही जुनी डोकेदुखी. गारव्याने हा कारभार मंदावतो, थांबत नाही. मी बियांसकट वाटून त्याला सहा तास दिले होते.

पाचला तळमजल्यावरच्या काकू आल्या. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, मी स्वतः पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, गौरीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. यंदा पाडव्याला माझा कडुनिंब खायचा राहून गेला होता."

त्यांना खवचटपणा करायचा होता, पण रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने निघालं. कडुनिंबातली कडू द्रव्यं आणि लिंबाच्या बियांतलं लिमोनिन ही एकाच गटातली, लिमोनॉइड म्हणतात त्यातली. काकूंची जीभ प्रयोगशाळेत ठेवायच्या लायकीची आहे.

बाहेर जिन्यात चपलांचे आवाज वाढत होते. इथे शहाणा माणूस पातेलं मोरीत ओततो. मी कडूपणा मारायला एका पातेल्यात दोन लिटर दूध ओतलं. कंडेन्स्ड दुधाने दगा दिला नव्हता, मग साधं दूध कशाला देईल? पण कंडेन्स्ड दूध पाकासारख्या दाट साखरेत मुरलेलं असतं; साध्या दुधाला तो आधार नाही. आधी कडेला रव्यासारखे कण दिसले. ते विरघळतील म्हणून मी ढवळलं. कणांचे गोळे झाले, गोळे तळाशी बसले आणि वर हिरवट पाणी उरलं. ही स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकावली, काहीही न बोलता गराचं भांडं उचललं आणि पेल्यांत पाणी ओतायला लागली. चाळीस अंशांत दिवसभर ओट्यावर राहूनही त्या गराचं काही बिघडलं नव्हतं.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. हळदीकुंकवाला बायका पाच ते नऊ अशा, दोघी-दोघी, आपल्या सवडीने येतात. अशा दिवशी पेयाने पाहुण्याची वाट पाहायची असते. उकडलेल्या कैरीचा गर गूळ-वेलदोडा घेऊन मुकाट बसून राहतो. बाई आली की गार पाणी, चिमूटभर मीठ, झालं. ब्राझीलच्या लिंबूपाण्याला उलट हवं असतं: पाहुण्याने मिक्सरशेजारी पेला धरून उभं राहायचं. गच्चीवर चार मित्र बसले असतील तर त्याला तोड नाही, हे मी आजही म्हणतो. बिया काढून, पाच सेकंद, आणि लगेच.

आईचं मत आणखी सरळ होतं. "आंबट आणि दाटच प्यायचं होतं तर पियूष करायचं. श्रीखंडात ताक घालायला ब्राझीलला कशाला जायला हवं?" दादरला नोकरीत असताना तिथल्या प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वड्यावर किती पियूष रिचवलं, तेव्हा हे मला सुचायला हरकत नव्हती. फाटलेलं पातेलंही तिने वाया जाऊ दिलं नाही. फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवलं, सकाळी साखर घालून वड्या थापल्या. त्या बघायला सुरेख होत्या.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या, कृती मागायला. त्यांच्या यजमानांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी कडू खायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. मला भरून आलं. स्वच्छ अक्षरात सगळं लिहून दिलं. चष्मा लावून त्यांनी वाचायला घेतलं. 'कंडेन्स्ड दूध, सहा डबे' या ओळीवर त्या थांबल्या, कागदाची घडी घातली आणि ती हिच्या हातात दिली.

"तूच ठेव गं. ह्यांना सापडेल अशी ठेवू नकोस."